वेगाची ओढ आणि पहिली मोटारसायकल

ताई, आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपला मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीत आहे, आणि लहानपणापासून त्याला वेगवान मोटारसायकली, मोटारी आणि मोटरबोटी यांच्यापलीकडे काही सुचत नाही. अठरावे पूर्ण होताच चारशे सी.सी.च्या वर्गातली मोटारसायकल घेऊन देण्याचे वचन त्याने वडिलांकडून घेतले आहे. रात्री मित्रांच्या गाडीवर मागे बसून तो फुटाळा तलावाकडे जातो, आणि रामटेकजवळ खिंडसी तलावावर गेले की स्पीडबोटीतून उतरायला तयार नसतो. हे वेड वयाबरोबर जाते का, गाडी द्यावी का, दिली तर कोणती, आणि यातून पुढे पोटापाण्याचे काही होऊ शकते का, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात बरीच वर्षे इंजिने बांधतो आणि तरुण मुलामुलींना मोटारसायकल चालवायला शिकवतो. त्या बळावर लिहीत आहे.

हे वेड सहसा जात नाही, आणि ते जावे म्हणून केलेले उपाय बहुधा उलटतात. घरी गाडीचे नाव काढायची सोय उरली नाही की मुलगा गाडी सोडत नाही, घरी सांगणे सोडतो. शिवाय वेगाची आवड इंजिनाबरोबर आलेली नाही. आपल्या विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, इंजिनांच्या आधीपासून भरतात. तळेगाव दशासरच्या पटाला गावोगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा ती उठावी म्हणून शेतकऱ्यांनी किती वर्षे नेट धरला हे आपण पाहिले आहे. २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. पटाकडे मी मुलांचे लक्ष मुद्दाम वेधतो, कारण तिथे धावपट्टी आखलेली असते, बघे दोरीच्या मागे असतात, जोडी महिनोन्‌महिने खुराक देऊन तयार केलेली असते आणि वेळ घड्याळावर मोजली जाते. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांना वेगाला जागा लागते हे ठाऊक आहे, आणि शिकलेल्यांची मुले मात्र ती जागा भर रस्त्यात शोधतात.

माझी पिढी १९८० च्या दशकात वाढली. त्याआधी रस्त्यावर बुलेट, येझदी आणि दूधवाल्यांची राजदूत एवढाच पसारा होता. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या आर.डी. ३५० वर बेतलेली राजदूत ३५० आणली, आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सी.डी. १०० व यामाहाची आर.एक्स. १०० एकाच वर्षी आल्या. आर.एक्स.चे इंजिन अवघे ९८ सी.सी.चे, ताकद ११ अश्वशक्तीच्या आसपास. पण गाडीचे वजन शंभर किलोच्या जवळपास असल्यामुळे आणि टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला स्फोट घेत असल्यामुळे तिचा पिकअप असा होता की तिच्या आठवणीने आजही पन्नाशीचे गृहस्थ रस्त्यात थांबून वळून बघतात. राजदूत ३५० ची गोष्ट निराळी. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. इथे खर्च वाचवण्यासाठी त्या जागी ड्रम बसवला गेला. तीस अश्वशक्तीचे इंजिन, तासाला दीडशे किलोमीटरकडे झेपावणारा वेग, आणि थांबण्यासाठी ड्रम. ती गाडी विकत घेणारे तिच्या पळण्याविषयी बोलत आणि ती दुरुस्त करणारे मिस्त्री तिच्या ब्रेकविषयी बोलत. आपल्या मुलाविषयी मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा या दोन बोलण्यांमधल्या अंतरात आहे.

शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये मला दोन जाती स्पष्ट दिसतात. एकाला यंत्राची ओढ असते, दुसऱ्याला बघणाऱ्यांची. पहिला गाडी स्टँडवर लावून चेन हाताने फिरवून पाहतो, तिचा ढिलेपणा एके ठिकाणी कमी आणि दुसरीकडे जास्त का लागतो असे विचारतो, प्लग काढला की त्याच्या टोकाचा रंग बघतो. त्याला रिकाम्या रस्त्यावर एकट्याने चालवायला आवडते. दुसऱ्याला रिकाम्या रस्त्यात रस नसतो. त्याला सिग्नल लागतो, मित्र लागतात, मोबाइल धरणारा कोणीतरी लागतो. बहुतेक मुलांत दोन्ही मिसळलेले असते, आणि प्रमाण वयाबरोबर बदलते, म्हणून यावरून मुलाला चांगला-वाईट ठरवू नये. पण आपला मुलगा आज कुठे आहे ते ओळखणे गरजेचे आहे. त्याची सोपी परीक्षा म्हणजे सुट्टीत त्याला एखाद्या गॅरेजमध्ये हाताखाली काम करायला पाठवणे. ऑइल बदलणे, कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये धुणे, ब्रेक शू घासणे, पंक्चर काढणे, या कामांत तो आठवड्यानंतरही टिकला तर समजावे की ओढ खरी आहे.

मित्रांच्या सोबतीचा परिणाम हा केवळ वडीलधाऱ्यांचा समज नाही. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये संगणकावरच्या मोटार चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुले, तरुण आणि प्रौढ यांतल्या काहींना एकटे आणि काहींना मित्रांसमोर बसवून पाहिले. मित्र बघत असताना किशोरवयीनांनी घेतलेला धोका खूप वाढला, प्रौढांचा जवळजवळ तेवढाच राहिला. म्हणून फुटाळ्याच्या रात्री मला त्याने मागितलेल्या मोटारसायकलीपेक्षा जास्त खटकतात. तिथे तो मागे बसलेला असतो; वेग दुसऱ्याच्या मनगटात असतो, आणि हेल्मेट बहुधा एकच असते. ज्याच्या गाडीवर तो बसतो त्याचे वय काय, त्याला परवाना आहे का, हे आपण विचारले आहे का? नसेल तर आज विचारावे.

इथे कायद्याचे दोन शब्द. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही, ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीला १६ ची सवलत आहे, पण तसल्या पेट्रोलच्या गाड्या आता दुकानात दिसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले, आणि त्यानुसार अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. शेवटची तरतूद मी मुलांना ऐकवतो, कारण कैदेची भीती त्यांना आईवडिलांची वाटते, पण सात-आठ वर्षे गाडीविना राहण्याची कल्पना त्यांना स्वतःला झोंबते. रस्त्यावर शर्यत लावण्याला कलम १८९ आहे, आणि त्याला वयाची अट नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे थांबणे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट होते असे बहुतेकांना वाटते. ते चौपट होते, कारण गाडीच्या अंगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगले टायर, कोरडा डांबरी रस्ता आणि ब्रेक नीट मारता येणारा चालक असे धरले, तर ताशी ३० वरून मोटारसायकल सुमारे ५ मीटरमध्ये थांबते, ६० वरून २० मीटरमध्ये, आणि १२० वरून ८० मीटरमध्ये. यात अडथळा दिसल्यापासून बोटे लिव्हरवर येईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तर ६० च्या वेगात गाडी तेवढ्यात साडेसोळा मीटर आणि १२० च्या वेगात तेहतीस मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे वर्धा रोडवर १२० ने जाणाऱ्याला एकूण ११३ मीटर मोकळा रस्ता दिसत असला पाहिजे. रात्री समोरच्या दिव्यांमुळे डोळे दिपलेले असताना, दुभाजकाच्या फटीतून गाय, उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर किंवा मागचा दिवा नसलेला उसाचा ट्रक येऊ शकतो अशा रस्त्यावर, तेवढे अंतर कोणाला दिसते? २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

हे आकडे मुलांना पाठ होतात आणि उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडते ते अंगात उतरलेले. त्यासाठी मी एक सराव करून घेतो, जो आपणही योजू शकाल. काटोल किंवा सावनेरकडे नात्यातल्या कोणाचे शेत असेल तर तिथला सपाट खाजगी रस्ता, नसेल तर परवानगी घेतलेले बंद मैदान चालेल. आपल्या मुलाला अजून परवाना नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्ता नको. खडूने एक आडवी रेघ मारायची. मुलाने ताशी ३० ने यायचे, रेघेवर पुढचे चाक आले की ब्रेक लावायचा, आणि जिथे थांबला तिथे दगड ठेवायचा. मग ४० ने, मग ५० ने. प्रत्येक वेळी दगडांमधले अंतर वाढत जाते, आणि कोणत्याही भाषणापेक्षा ते दगड जास्त बोलतात. या सरावात दुसरी एक गोष्ट कळते. नवशिके घाबरले की मागचा ब्रेक पायाने दाबतात आणि पुढच्याला हात लावायला भितात, कारण पुढचा ब्रेक लावला तर गाडी उलटते असे कोणीतरी त्यांच्या मनात भरलेले असते. वस्तुस्थिती अशी की ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे जाते, मागचे चाक हलके होते, आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाकच करू शकते. लिव्हर झटक्याने ओढायचा नसतो. दोन बोटांनी आधी फक्त ढिलेपणा काढायचा, पुढचा शॉकअप किंचित दबला की मग दाब वाढवत न्यायचा, आणि वेग कमी होत आला की सोडत आणायचा. टायरला रस्त्यावर बसायला तो एक क्षण लागतो, आणि तो क्षण न देता दाबले की चाक अडकते.

दुसरा सराव नजरेचा आहे. वळणावर घाबरलेला मुलगा ज्या खांबाला टाळायचे त्याच खांबाकडे बघतो, आणि गाडी बरोबर तिकडे जाते. वळणाच्या शेवटाकडे बघायची सवय लावावी लागते, आणि ती सायकलवरही लागते. उजवीकडे वळण्यासाठी वेगात असलेल्या मोटारसायकलच्या हँडलची उजवी बाजू पुढे ढकलावी लागते हेही त्याला सायकलवर दाखवता येईल. सगळेच ते नकळत करत असतात. जाणून केले तर अडथळ्यापुढे गाडी अर्ध्या सेकंदात बाजूला काढता येते.

गाडी कोणती? चारशे सी.सी.च्या वर्गातली गाडी चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीची असते आणि सहा सेकंदांच्या आसपास शंभरावर जाते. ती वाईट नाही. माझे म्हणणे एवढेच की पहिल्या वर्षी चालक चुका करतो, आणि अशा गाडीवर प्रत्येक चुकीचा वेग जास्त असतो. पहिली गाडी दीडशे सी.सी.च्या आसपासची असावी, शक्य तर सेकंडहँड, म्हणजे पडली तर दोन्ही बाजूंना रडू येणार नाही. १२५ सी.सी.च्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस., म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे, त्यामुळे त्यानंतरची, आणि शक्य तर दोन्ही चाकांना ए.बी.एस. असलेली घ्यावी. घेताना टॉप स्पीड विचारण्याआधी पुढचे चाक उचलून हँडल हळूच दोन्हीकडे फिरवून बघावे. मध्यावर खटका लागला तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग, गेलेले आहे. चेन-स्प्रॉकेटचे दात शार्कच्या पराप्रमाणे एका बाजूला वाकलेले असतील तर तेवढा खर्च धरावा. हलक्या, लहान गाडीवर एक वर्ष शिकलेला मुलगा नंतर कोणतीही गाडी चालवू शकतो. उलट्या क्रमाने गेलेला मुलगा सरळ रस्त्यावर वेगवान असतो आणि वळणावर घाबरतो.

सायलेन्सरचा विषय तो नक्की काढेल. टू-स्ट्रोकच्या काळात सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग होता. त्याच्या फुगवट्यातून परतणारी दाबाची लाट सिलिंडरबाहेर निसटलेले ताजे मिश्रण परत आत ढकलत असे, आणि त्या आकाराचे गणित जमले की ताकद खरोखर वाढे. आजच्या फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नुसता फटाके फोडणारा सायलेन्सर लावल्याने आवाज वाढतो आणि बहुधा मधल्या फेऱ्यांची ताकद कमी होते. शिवाय तो जप्त होतो. पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या टायरवर आणि ब्रेक पॅडवर खर्चावेत, त्याने गाडी खरोखर वेगवान होते, कारण उशिरा ब्रेक मारणारा घड्याळावर जिंकतो.

हेल्मेट आय.एस. ४१५१ चा शिक्का असलेले असावे, पण शिक्क्याइतकेच माप महत्त्वाचे आहे. घातल्यावर गाल दबले पाहिजेत, आणि पट्टा बांधून मागून पुढे ओढले तरी निघता कामा नये. दुकानात सैल आणि सुखाचे वाटणारे हेल्मेट सहा महिन्यांत आणखी सैल होते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून नवे दिसले तरी टाकून द्यावे, कारण आतला फोम एकदाच दबतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, जॅकेट घालायला कोणी तयार होत नाही. जाळीचे जॅकेट घ्यावे, आणि तेही नको म्हणाला तर निदान हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट यांवर अडून राहावे. पडताना माणूस आधी तळहात टेकतो.

खरा वेग कुठे काढायचा? ट्रॅकवर. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा इथे फायदा होतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, आणि नागपूरहून जी.टी. किंवा तामिळनाडू एक्स्प्रेसने चेन्नई एका रात्रीच्या प्रवासावर आहे. कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. मारुती ८०० चे इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती नावाची शर्यतीची गाडी देशात घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे. ग्रेटर नोएडाला ५.१ किलोमीटरचा बुद्ध सर्किट आहे, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन आणि २०२३ मध्ये मोटो जी.पी. झाली. चेन्नईच्या ट्रॅकवर कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलसारखे वर्ग होतात. टी.व्ही.एस. आणि होंडा यांच्या स्पर्धांमध्ये नवशिक्या मुलांसाठी वेगळे गट असतात. तिथे गाडी कंपनीची असते. शर्यतीसाठी देशातल्या मोटर शर्यतींचे नियमन करणाऱ्या एफ.एम.एस.सी.आय. या संघटनेचा परवाना लागतो. मोटारींकडे ओढा असेल तर कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या शर्यतगाड्यांपासून, सुरुवात करावी, आणि त्यासाठी कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला तोपर्यंत आपल्याकडे ही वाट कोणी पुरी चालून दाखवली नव्हती. पहिल्यांदा ट्रॅकवरून परतलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर मला नेहमी एकच भाव दिसतो. रस्त्यावर आपण वेगवान आहोत असा त्यांचा जो समज होता तो पहिल्या तासात गेलेला असतो, आणि रस्ता त्यांना एकदम अरुंद आणि धुळीचा वाटू लागतो.

मोटारीविषयी थोडेच लिहितो. अठरा पूर्ण झाल्यावर तो घरची मोटार समृद्धीवर न्यायला मागेल, कारण मोटारसायकलला तिथे प्रवेश नाही आणि मोटारीला १२० ची मर्यादा आहे. शिवमडक्यापासून सुरू होणारा तो रस्ता सरळ, एकसारखा आणि सिमेंटचा आहे, आणि उन्हाळ्यात त्याच्यावर कमी हवेचे टायर फार तापतात. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि आतून उष्णता साठते. निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये हवा मोजणे आणि तासा-दीड तासाला उतरून दहा पावले चालणे, एवढे त्याच्याकडून वदवून घ्यावे. शर्यतीचा तो रस्ता नव्हे.

बोटींची गोष्ट वेगळी आहे, आणि तिला मी सर्वांत जास्त भितो. पाण्याला ब्रेक नसतो. बोटीचा वेग वाढला की ती पाणी कापणे सोडून पाण्यावर चढते, म्हणजे तिचा बहुतेक भाग वर उचलला जातो आणि थोड्याशा तळावर ती घसरत जाते. त्यामुळे मधल्या वेगात नाक वर येते आणि चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही. वळताना मागची बाजू बाहेर फेकली जाते, आणि काठाजवळ किंवा पोहणाऱ्याजवळ वळणाऱ्याच्या ते लक्षात राहत नाही. पाण्यावर वेगाचे विक्रम करणाऱ्यांची कहाणी त्याला सांगा. सर हेन्री सेग्रेव्ह १९३० मध्ये इंग्लंडच्या विंडरमीअर सरोवरावर विक्रम करून त्याच दिवशी गेले. डोनाल्ड कॅम्पबेल ४ जानेवारी १९६७ ला कॉनिस्टन सरोवरावर गेले. त्यांच्या ब्लूबर्डखाली हवा शिरली आणि बोट मागे उलटली. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने १९७८ मध्ये घरच्या अंगणात बांधलेल्या बोटीने ताशी ५११ किलोमीटर गाठले, आणि तो विक्रम अजून उभा आहे. आपल्या जवळचे उदाहरण याहून साधे आणि दुःखद आहे. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात मोबाइलवर चित्रण करत निघालेल्या तरुणांची नाव उलटली आणि त्यांतले बरेच जण बुडाले. तिथे वेग नव्हता. लाइफ जॅकेट नव्हते.

म्हणून खिंडसीला जाताना दोन गोष्टी बघाव्यात. लाइफ जॅकेट अंगावर आहे का, आणि त्याचे खालचे पट्टे बांधलेले आहेत का. नुसते खांद्यावर अडकवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघते. आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पट्ट्याला लाल गुंडाळीची दोरी अडकवलेली आहे का. ती दोरी सुटली की इंजिन बंद पडते. माणूस बाहेर फेकला गेल्यावर चालवणाऱ्याविना गोल फिरणारी बोट त्याच्यावरच येऊ नये यासाठी ती असते. दोन्हींपैकी एक नसेल तर उतरावे, पैसे गेले तरी. पाण्याची ओढ खरी असेल तर त्याने वल्ही आणि शिडापासून सुरुवात करावी. कॉलेजमध्ये एन.सी.सी.ची नौदल शाखा मिळाली तर अंबाझरीवर ते शिकायला मिळते, आणि वाऱ्यावर बोट चालवलेला माणूस इंजिनावर कधी बेफिकीर होत नाही.

पोटापाण्याविषयी स्पष्ट बोललेले बरे. शर्यतीत उतरून त्यावर जगणारे भारतात बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि बहुतेकांच्या मागे घरचा पैसा किंवा कंपनीचे पाठबळ आहे. पण शर्यतीच्या गाडीभोवती काम करणारे पुष्कळ लागतात. आय.टी.आय.चा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी, या दोन्ही वाटा नागपुरात आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले संघ बाहा आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी स्वतः गाडी बांधतात; पहिली पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रावर, दुसरी कोइंबतूरला होत आली आहे. त्या गॅरेजमध्ये दोन वर्षे वेल्डिंग आणि सस्पेन्शनचे गणित केलेला मुलगा पुणे-चाकणच्या कारखान्यांत किंवा पुण्याच्या ए.आर.ए.आय. या वाहन-संशोधन संस्थेमध्ये चाचणीच्या कामाला उपयोगी पडतो. बारावीचे भौतिकशास्त्र त्याला कंटाळवाणे वाटत असेल तर त्याला सांगावे की वळणावर गाडी किती झुकवता येते हे घर्षणाच्या गुणांकावर ठरते, आणि तो गुणांक त्याच पुस्तकात आहे.

आता वडिलांनी दिलेल्या वचनाचे. ते मोडू नये, बदलावे, आणि मुलाला बसवून उघडपणे बदलावे. चारशे सी.सी.च्या नव्या गाडीच्या रकमेत सेकंडहँड दीडशेची गाडी, हेल्मेट, जॅकेट, बूट आणि चेन्नईतले प्रशिक्षण एवढे सगळे बसते, आणि मोठ्या गाडीसाठी काही शिल्लकही राहते. ती मोठी गाडी एका वर्षाने, तोपर्यंत दंडाची एकही पावती नसल्यास आणि ट्रॅकवरच्या प्रशिक्षकाने लायक ठरवल्यास. अठरावा वाढदिवस झाला की शिकाऊ परवाना काढावा. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि मधल्या महिन्यात खडूची रेघ आणि दगड घेऊन सराव करायला भरपूर वेळ असतो. परीक्षा बारावीची असल्यामुळे गाडीची खरेदी निकालानंतर ठेवावी. फुटाळ्याच्या रात्रींबद्दल मात्र थांबू नये. ते बोलणे या आठवड्यातच व्हावे, आणि ज्या मित्राच्या गाडीवर तो बसतो त्याच्या आईवडिलांनाही सोबत घ्यावे.